कैलासच्या नावाचा तांदूळ

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आईंना,

अंजनाचा नमस्कार. आम्ही तिघं इकडे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? थंडी पडली की तुम्हाला जिना चढवत नाही, म्हणून विचारते. गोळ्या वेळेवर घेत असाल असं धरून चालते.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. दोनदा फोन केला होता, तुम्ही बोलला नाहीत. तिसऱ्यांदा वन्संच्या करिष्माने घेतला आणि म्हणाली, "मामी, आजी नुसती मान हलवते. तू लिहून दे ना. कागद असला की आजी शेवटपर्यंत ऐकते. लाइटचं बिलसुद्धा खालच्या सूचनांसकट वाचून घेते माझ्याकडून." म्हणून लिहिते आहे. ती कॉलेजला बदलापूरला येते, तेव्हा स्टेशनवर तिच्या हातात देईन. करिष्मा, सावकाश वाच. आजीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

कीर्ती नववीत आहे. अभ्यास करते, पण उलट उत्तरं द्यायला लागली आहे. विनीत सहावीत गेला. उंच झाला. मागच्या वर्षीची पँट घोट्याच्या वर येते, ती मी खालून सोडून दिली. शिवण सोडणं-घालणं आता हाताला बसलं आहे, कारण उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम धरलं आहे. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कात्रीने कापायचे, नगावर पैसे. मालकीण हिमानी भाभी म्हणून सिंधी बाई आहेत. तोंडाने फटकळ, पण शनिवारी हिशोब चुकता करतात.

आता कामाचं लिहिते.

आम्ही शिरगावला राहायला आलो तरी रेशनकार्डावर आमची नावं वांगणीलाच राहिली, तुमच्या कार्डावर. तेव्हा अडचण नव्हती. हे महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्हाला भेटायला यायचे आणि येताना आपल्या वाट्याचा तांदूळ-गहू घेऊन यायचे. जूनपासून ते बंद झालं.

मी अंबरनाथला तहसीलमध्ये जाऊन आले. आधी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "सोपं आहे ताई, तिकडची नावं कमी करायची, इकडे नवीन कार्ड काढायचं. फॉर्म माझ्याकडे आहे." तहसीलमधल्या मॅडमनी फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या की घरातली सगळ्यात मोठी बाई कार्डाची प्रमुख असते. म्हणजे तुम्ही. तुमचा अंगठा आणि संमती लागेल, त्यासाठी एकदा यावं लागेल. आणि एक नाव तसंही कमी करायचंच आहे, ते आधी करावं लागेल, मग आमची तीन. फॉर्ममध्ये कारणाचा रकाना होता. तो मी रिकामा सोडला होता. मॅडमनी भरला.

कार्ड सगळीकडे मागतात. निराधार योजनेला मागतात, उत्पन्नाच्या दाखल्याला मागतात, कीर्तीच्या शाळेत फी माफीला मागतात. माझ्याकडे तुमच्या कार्डाची जुनी झेरॉक्स आहे, ती आता घड्यांवर फाटली आहे.

आमच्या वाट्याचं धान्य तुम्ही पोल्ट्रीवाल्याला देता आणि त्यावर तुमचं तेल, मीठ, गोळ्या चालतात, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. एकट्या माणसाने चालवायचं कसं? आमची नावं गेली की तुमची तेवढी ओढाताण होईल, तेही कळतं. नवीन कार्ड झालं की तुमच्या गोळ्या मी दर महिन्याला करिष्माबरोबर पाठवीन. हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही.

आणखी एक. हिमानी भाभींच्या ओळखीने कर्जतच्या बाजूला मुलांचं एक वसतिगृह कळलं आहे. राहणं, शाळा, दोन वेळचं जेवण, सगळं फुकट. जानेवारीत एक जागा रिकामी होणार आहे. विनीतसाठी सांगून ठेवलं आहे. तशी वेळ येणार नाही. धान्य सुरू झालं तर नाहीच येणार. पण जागा दुसऱ्याला जायला नको म्हणून.

बाराव्याच्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही.

तुम्हाला कधी जमेल ते करिष्माबरोबर कळवा. त्या दिवशी मी कामावर खाडा करीन.

तुमची सून,
अंजना


शिरगाव, बदलापूर (पूर्व)
४ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप आईंना,

नमस्कार. तुमचा निरोप पोचला.

करिष्मा प्लॅटफॉर्मवर भेटली. बिचारी माझ्याकडे बघायचं टाळत होती. मी म्हटलं, जसं बोलल्या तसं सांग. मग तिने तुमचा आवाज काढूनच सांगितलं, "तिचं नि पोरांचं नाव नेऊ दे तिला. माज्या पोराचं नाव नाय कापायचं. वरीस सरायच्या आत नाव कापलं तर तो दारातनं उपाशी जाईल."

मी पुन्हा अंबरनाथला गेले. मॅडमना विचारलं, आमची तीन काढून चौथं ठेवता येईल का? त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवलं. आधीचं नाव सुटल्याशिवाय पुढची सुटत नाहीत. आणि म्हणाल्या, "तसंही ज्यांचा अंगठा झालेला नाही ती नावं आज ना उद्या मशीनच काढणार. सासूबाईंना समजावून सांगा."

मी काय समजावणार? लग्न झाल्यापासून तुम्ही मला समजावत आलात.

करिष्माने अजून एक सांगितलं. तिने सांगायला नको होतं असं तुम्हाला वाटेल, पण तिच्यावर रागावू नका. दुकानातून आलं की तुम्ही पाच जणांच्या धान्यातला यांच्या नावाचा तांदूळ मोजून वेगळा काढता. वेगळ्या पिशवीत बांधून ठेवता. तेल नसलं तरी त्यातलं विकत नाही. रोज सकाळी त्यातला मूठभर शिजवून मागच्या दारी पानावर ठेवता. करिष्मा म्हणाली, "आधी कावळे येतात मामी, मग काळा कुत्रा, मग शेजारच्या कोंबड्या. सगळ्या आळीत त्यांच्या कोंबड्या गुबगुबीत झाल्यात." ती हसली आणि मग तिला रडू आलं. आम्ही दोघी तिथे बाकड्यावर बसून राहिलो. तिचं पहिलं लेक्चर बुडालं.

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं की तुम्ही माझ्यावरच्या रागाने अडवता आहात.

करिष्मा, इथून पुढचं आजीला वाचू नकोस. खाली रेघ मारली आहे, तिथून पुन्हा वाच. हे मी कोणाजवळ बोलले नाही. लिहिलं नाही तर डोकं फुटेल, आणि तुझ्याशिवाय वाचणारं कोणी नाही.

घरात काय चाललं आहे ते सांगते. मी तांदूळ आणत नाही, कण्या आणते. त्या स्वस्त पडतात आणि पेज केली की फुगतात. डाळ एक दिवसाआड. गॅस पुरवायचा म्हणून एकदाच कुकर लावते आणि रात्री तेच गार खातो. भाजी मार्केट उठायच्या वेळेला, टोपलीत जे उरतं ते. सरकारचे लाडक्या बहिणीचे पैसे दर महिन्याला येतात ते भाड्याला पुरत नाहीत. कंपनीचा पीएफ अडकला आहे, कारण मामाचं नाव आधारवर कैलास आणि कंपनीत कैलाश. ठेकेदार आता फोन उचलत नाही.

कारखान्यात दुपारी डबे उघडतात तेव्हा मी कात्री चालवत बसते. भाभींच्या लक्षात आलं. "अंजू, तेरा टिफिन किधर है?" मी म्हटलं, उपवास आहे. सोमवारी शंकराचा सांगितला, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा. शुक्रवारी त्या म्हणाल्या, "अरे बाबा, तेरे इतने भगवान हैं, किसी एक को तो बोल, दो रोटी भेज दे!" सगळ्या हसल्या. मी पण हसले. त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातली एक चपाती "जास्त होते" म्हणून माझ्याकडे येते. मी ती अर्धी खाते आणि अर्धी कागदात बांधते.

हेही चाललं असतं. पण मागच्या आठवड्यात विनीतच्या बाईंनी शाळेत बोलावलं. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत खिचडी मिळते. कीर्ती नववीत आहे, तिला मिळत नाही. विनीत दुसऱ्यांदा खिचडी घ्यायचा आणि पाठ फिरवून डब्यात भरायचा. ताईसाठी. एका मुलाने बघून बाईंना सांगितलं. बाई चांगल्या आहेत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "घरी न्यायला परवानगी नाही हो, दुपारच्या उन्हात खराब झाली तर जबाबदारी आमच्यावर येते." मी हो म्हटलं. घरी येऊन कीर्तीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "मग? तुला काय वाटलं, मला भूक लागत नाही म्हणून मी रात्री कमी खाते?"

विनीतला मी मारलं, करिष्मा. शाळेतून घरी येताना, रस्त्यात. खिचडी चोरली म्हणून नाही. का मारलं ते मला सांगता येत नाही.

________________

करिष्मा, आता इथून वाच.

आई, तुम्हाला एक विचारायचं आहे. रागाने विचारत नाही.

त्यांच्या नावाचं धान्य येतं ते तुम्ही त्यांनाच घालता, यात तुमचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. आई आहात. पण त्यांच्या नावाखाली अजून दोन नावं आहेत. ती जेवतात. त्यांना भूक लागते. हे असते तर त्यांनी पान कोणापुढे सरकवलं असतं, ते तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुम्ही त्यांना जास्त वर्षं जेवायला वाढलं आहे.

ते गेले, आई. मी अजून हे कोणाला या शब्दांत सांगितलेलं नाही. ऑफिसातसुद्धा मी रकाना रिकामा सोडला. तुम्ही नाव कापलं नाही म्हणून ते राहत नाहीत आणि मी बोलले नाही म्हणूनही राहत नाहीत. मशीन काढेल त्यापेक्षा तुम्ही काढा. मशीनला त्यांचं काही माहीत नाही.

एकदा या. हात जोडून सांगते. जानेवारीच्या आत.

तुमची,
अंजना


शिरगाव, बदलापूर (पूर्व)
१६ जानेवारी २०२६, शुक्रवार

तीर्थस्वरूप आईंना,

नमस्कार. संक्रांत झाली. आपल्याला यंदा सण नाही, तरी कीर्तीने शेजारून आलेला तिळगूळ विनीतला अर्धा मोडून दिला.

करिष्मा, या पत्रात वगळायचं असं काही नाही. सगळं वाच. मागच्या वेळी वाचू नको म्हटलेलंही तू वाचलंस, ते मला कळलं. मी रागावले नाही. ते वाचलं म्हणूनच आजी आल्या.

आई, त्या दिवशी ऑफिसात मला तुमच्याशी बोलता आलं नाही. सहा महिन्यांनी तुम्हाला बघत होते. तुम्ही वाळलात. मी पाया पडले आणि तुम्ही पाय मागे घेतले नाहीत, एवढंच माझ्या लक्षात आहे. मशीन तुमचा अंगठा घेईना. मॅडमनी ओल्या फडक्याने पुसून घेतला, कोरडा केला, पुन्हा ठेवला. जन्मभर लावणी करून आणि भारे वाहून रेषा गेल्या असं तुम्ही त्यांना सांगितलंत. मग त्यांनी डोळ्याचं मशीन मागवलं. तुम्ही डोळा लावलात आणि म्हणालात, "बाय, असं कर. माजं नाव काप. त्याचं ऱ्हाऊ दे." त्या मॅडम वयाने कीर्तीपेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, "आजी, तसं नाही होत हो."

तुम्ही मान डोलावलीत आणि मशीनपुढे पुन्हा डोळा धरलात.

बाहेर पायरीवर बसून तुम्ही मला विचारलंत, "आता त्याला कुठनं घालू गो?" मी तुम्हाला गाडीची वेळ सांगितली. तुम्हाला वाटलं असेल की हिला काही वाटत नाही. तसं नव्हतं. तुम्हाला गाडीत बसवून दिलं आणि मी उल्हासनगरला कामावर गेले, अर्धा दिवस तरी भरावा म्हणून.

आता पुढचं लिहायला दोन दिवस बसते आणि उठते आहे.

नवीन कार्ड आलं. त्यावर माझं नाव प्रमुख म्हणून आहे, खाली कीर्ती, विनीत. या सोमवारी पिशव्या घेऊन आमच्या इथल्या रेशनच्या दुकानात गेले. दुकान राजूशेठ म्हणून आहेत, ते चालवतात. कामाला जाता-येता रोज त्यांच्या दारावरून जाते, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या रांगेत आमच्या बिल्डिंगमधल्या बायका असतात. हे असताना आम्ही दर महिन्याला वांगणीहून घरचा तांदूळ येतो असं त्यांना सांगायचो. तेच चालू ठेवलं होतं मी.

अंगठा लगेच लागला. राजूशेठनी स्क्रीन बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा स्क्रीन बघितला.

"ताई, कार्ड झालं. धान्य नाही."

"म्हणजे?"

"कोटा भरलाय. शहरात किती माणसांना द्यायचं ते ठरलेलं असतं. त्यातलं कोणी कमी झालं की पुढच्याचा नंबर लागतो."

"माझा कधी लागेल?"

"ते मला विचारू नका. माझी सख्खी बहीण दोन वर्षं थांबलीय. दुकानदाराची बहीण."

मागून एक बाई म्हणाली, "चला हो पुढे, इथे आमचा अंगठा वाळून चाललाय." रांगेत सगळे हसले. मी बाजूला झाले, पण पाय निघेना. राजूशेठनी दोघातिघांचं मापून दिलं आणि विचारलं, "आधी कुठे होतात?"

"वांगणीला. सासूबाईंच्या कार्डावर."

"तिकडे मिळत होतं?"

"हो. पाचही नावांचं."

त्यांनी हातातलं माप पोत्यात टाकलं. "मग कापलंत कशाला? अहो, हल्ली कुठल्याही दुकानात अंगठा चालतो. त्याच कार्डावर तुमच्या वाट्याचं मी इथे दिलं असतं. सासूबाईंना सांगायचं, तुमचं तेवढं घ्या, बाकीचं आम्ही इकडे उचलतो. नाव हलवायची गरजच नव्हती. रोज जाता इथून, एकदा विचारायचं तरी!"

एकदा विचारायचं तरी. तेव्हापासून माझ्या कानात दुसरं काही नाही. मी झेरॉक्सवाल्याला विचारलं, मॅडमना विचारलं. मॅडमचं काही चुकलं नाही. मी नावं कमी करायचा फॉर्म पुढे केला, त्यांनी नावं कमी कशी करायची ते सांगितलं. धान्य कसं मिळेल, हे मी त्यांना विचारलंच नाही. आणि ज्याला माहीत होतं त्याच्या दुकानात, चार बायका बघतील म्हणून, गेले नाही.

आई, मी तुमच्याकडून त्यांचं नाव फुकट कापून घेतलं.

आता तुमच्याकडे फक्त तुमच्या एकटीच्या नावाचं येतं. पोल्ट्रीवाल्याला द्यायला काही उरत नाही. गोळ्या पाठवीन म्हणाले होते, त्या या महिन्यात पाठवल्या नाहीत. आणि मागच्या दारचं तुम्ही काय केलंत, हे करिष्माला विचारायचा मला धीर झाला नाही. तिने आपण होऊनच सांगितलं की तुम्ही आता स्वतःच्या पानातलं काढून ठेवता.

वसतिगृहातून फोन आला होता. जागा रिकामी झाली आहे. येत्या सोमवारी सकाळी आणा म्हणाले, दोन जोड कपडे आणि ताट-वाटी घेऊन. विनीतला सांगितलं तेव्हा तो रडला वगैरे नाही. त्याने विचारलं, "तिकडे चपात्या मोजून देतात का?" मी म्हटलं, नाही, पोटभर. मग ताट-वाटी पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "उरलेलं घरी आणू देतात का?"

कीर्ती म्हणते, त्याच्याऐवजी मला पाठव. तिथे मुली घेत नाहीत. मग म्हणते, शाळा सोडते, तुझ्याबरोबर धागे कापायला येते. मी तिला गप्प बसवलं. किती दिवस गप्प बसेल माहीत नाही.

राजूशेठनी मी निघताना हाक मारून अजून एक सांगितलं होतं. वांगणीच्या कोट्यातून आमचीच तीन नावं सुटली आहेत. त्या जागी दुसऱ्या कोणाचा नंबर लागायच्या आत सासूबाईंनी नावं परत घातली तर बसतील. "पण मग राहायला तिकडेच पाहिजे ताई. खोटं लिहू नका, चौकशी होते."

म्हणून हे पत्र.

तुम्ही म्हणाल, आता धान्यासाठी आठवण झाली. खरं आहे, धान्यासाठीच लिहिते आहे. इथलं घर सोडलं तर डिपॉझिट परत मिळेल, त्यात दोन-तीन महिने निघतील. कामाला मी वांगणीहून जाईन. कीर्तीची शाळा या वर्षापुरती बदलापूरलाच राहील, ती करिष्माबरोबर येईल-जाईल. विनीतला आपल्या गावच्या शाळेत घालू. हा सगळा हिशोब मी करून ठेवला आहे. नुसत्या हिशोबावर झालं असतं तर मी जुलैमध्येच आले असते.

बाराव्याच्या दिवशी तुम्ही सगळ्या भावकीसमोर म्हणालात, "शिरगावच्या त्या खोक्यानं खाल्ला माजा पोरगा. त्या खोलीच्या भाड्यापायी राबून राबून गेला." पानं मांडलेली होती. मी मुलांना उठवलं आणि कोणी घास घ्यायच्या आत निघाले. तुम्ही मला थांबवलं नाहीत, आणि थांबवलं असतंत तरी मी थांबले नसते. तुम्हाला पोराचं दुःख होतं आणि मला वाटलं की दुःख माझंही आहे, तुम्ही त्यात मला वाटा देत नाही. तेव्हापासून आपण दोघी दोन गावांत बसून तेच करतो आहोत. मधल्या मध्ये मुलं उपाशी राहिली. यापेक्षा नीट मला लिहिता येत नाही.

सोमवारी सकाळच्या कर्जत गाडीत आम्ही बसतो आहोत. विनीतची पिशवी भरलेली आहे. कीर्तीलाही शाळा बुडवून बरोबर घेते. गाडी वांगणीला थांबली की आम्ही तिघं उतरणार आहोत. तुम्ही बोलावलं नाही तरी.

दारापर्यंत येऊ. मला आत घेतलं नाहीत तरी चालेल, मी ओट्यावर बसेन. नको म्हणालात तर वाद घालणार नाही. दुपारची गाडी आहे, तिने विनीतला पुढे सोडून येईन. तिकडे त्याला पोटभर मिळेल, ते काही वाईट नाही. फक्त नको म्हणायचं असेल तर करिष्माबरोबर निरोप पाठवू नका. त्याला समोर उभा करून, त्याच्या तोंडाकडे बघून सांगा. सात महिन्यांत तो पुष्कळ बदलला आहे. कोणासारखा दिसायला लागला आहे ते मी लिहीत नाही.

तुम्ही जे म्हणाल ती,
अंजना